बोटीवरची आतली खोली

३ नोव्हेंबर, सोमवार

चन्नवीर सकाळीच येऊन बसला. "एन री वाघमोडे, चहा टाका की," त्याच्या कानडी हेलात म्हणाला आणि चहा येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. पडलंच. आमच्या निवृत्त रेल्वेवाल्यांच्या मंडळातल्या चौदा जोडप्यांना फेब्रुवारीत क्रूझवर जायचंय. मुंबईहून सुटणारी, लक्षद्वीपला जाऊन येणारी बोट. यांना वाट दाखवायची मी, कारण अख्ख्या मंडळात पाच वेळा बोटीवर गेलेला माणूस मी एकटाच. तेवीस तारखेला, रविवारी, समाजमंदिरात माझं व्याख्यान ठेवून हा मोकळा झालाय. विषय: 'क्रूझ कशी निवडावी आणि तिचा आनंद कसा घ्यावा.'

विषय ऐकूनच शिसारी आली. या लोकांना आनंद कसला शिकवायचा? यांचा आनंद म्हणजे एकाच ताटलीत गुलाबजाम, केक आणि नूडल्स एकमेकांवर रचणं. पाच बोटी पाहिल्या मी. समुद्रापेक्षा जास्त पाहिली ती माणसांची खा-खा.

चन्नवीर जाताना दारात थांबून विचारतो, "तितं कडक भाकरी चालती का? का काढून घेत्यात?" छत्तीस वर्षं मालगाडी चालवली या माणसाने, मी तिच्या मागच्या डब्यात गार्ड होतो, आणि साठी उलटल्यावर याला चिंता काय तर भाकरीची.

तरी हो म्हणालो. मी नाही म्हटलं असतं तर कुठल्या तरी ट्रॅव्हलवाल्याला बोलावलं असतं आणि त्याने यांना पाण्याची घसरगुंडी दाखवून महागाच्या खोल्या गळ्यात मारल्या असत्या.

ही, म्हणजे माझी बायको, आत शेंगा फोडत सगळं ऐकत होती.

५ नोव्हेंबर

मुद्दे काढायला बसलो. जेवढं आठवतंय तेवढा वैताग वाढतोय, पण मुद्दे चांगले निघाले.

बोट जाहिरातीवरून निवडू नये. जाहिरातीत डेकवर एक जोडपं असतं आणि बाकी सगळा समुद्र. खऱ्या डेकवर समुद्र शोधावा लागतो. शाळेच्या सुट्टीत तर जाऊच नये. तिथल्या पोहण्याच्या हौदात मी एकदाच पाय घातला, लगेच काढला. चाळीस माणसं आणि तेवढ्याच बायका एका डबक्यात उकडायला ठेवल्यासारख्या, त्यात एक इसम कानात बोटं घालून बुड्या मारत होता. त्या पाण्याचा वास अजून नाकात आहे.

पहिल्या दिवशी बुफेकडे फिरकू नये. तिथे माणसं उद्या दुष्काळ पडणार असल्यासारखी वाढून घेतात. त्यापेक्षा खालच्या हॉलमध्ये टेबलावर बसावं, तिथे माणसासारखं जेवता येतं. लिफ्टसाठी रांग लावू नये, जिना वापरावा. फोटोवाला समोर आला की तोंड फिरवावं. बोट बंदराला लागली की सगळ्यात शेवटी उतरावं आणि सगळ्यात आधी परतावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खोली. खोली आतली घ्यावी. खालच्या मजल्यावर, मधोमध, बिनखिडकीची. मधोमध घेतली की बोट कमी हलते. आणि खिडकी ही निव्वळ भोंदूगिरी आहे. खोलीत आपण झोपायला जातो, समुद्र बघायला वर डेक आहे ना? आतल्या खोलीत दिवा घालवला की असा काळोख होतो की बस. ज्याने सदतीस वर्षं रात्रपाळी करून रनिंग रूममध्ये दिवसा झोप काढली त्यालाच त्या काळोखाची किंमत कळते. वाडी जंक्शनच्या रनिंग रूमला खिडकीला काळा रंग फासला होता, त्यासाठी आम्ही गार्ड मंडळी भांडलो होतो.

दुपारी तासभर पडलो. आमची झोपायची खोलीही तशीच आहे, खिडकीवर घोंगडं आहे, दुपारी दोन वाजता हात दिसत नाही. उठून चहा पिताना हिला मुद्दे वाचून दाखवले. ऐकून घेतलं. मग कप विसळत म्हणाली, "मी येनार न्हाय."

"कुठे?"

"बोटीवर."

कप उपडा घातला आणि गेली. का, ते मी विचारलं नाही. थकली असेल.

८ नोव्हेंबर

थकलेली वगैरे काही नाही. आज पुन्हा तेच. "तुमी जावा की. मी कुटं अडवते?" आवाज चढवलेला नाही, रडणं नाही. भाजी मिळाली नाही हे सांगावं तसं सांगते.

मंडळात काय सांगू? व्याख्यान देणारा एकटाच बोटीवर जाणार आणि त्याची बायको घरात बसणार? सगळे मिळून तोंडात बोटं घालतील. शिवाय पाच वेळा मी हिच्याशिवाय गेलेलो नाही. पहिली बोट सिंगापूरची, निवृत्तीनंतरच्या वर्षी. मग चार इथल्याच, मुंबईहून. प्रत्येक वेळी नुसतं "बोट" म्हटलं की ही तयार असायची. सगळ्यात आधी हिची बॅग भरलेली असायची. आताच काय झालं?

खरं सांगायचं तर बोटीवर हिची तब्येत कधीच धड नसते. खोलीत पडून असते. उलट्या. मी औषध देतो, लिंबू आणून ठेवतो, दिवा घालवून दार लोटून घेतो की निवांत पडावं. जेवायला येत नाही. घरून आणलेल्या भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी, तेवढंच पोटात जातं. त्या कोंदट खोलीत चटणीच्या लसणाचा आणि उलटीचा मिळून जो वास सुटायचा तो मला सोसायचा नाही. मग मी वर निघून जायचो.

वर माझी एक जागा ठरलेली. बोटीच्या अगदी मागच्या टोकाला, जिथे कोणी फोटो काढत नाही. तिथे उभं राहिलं की मागे पडत जाणारी पांढरी वाट दिसते पाण्यावर, लांबच लांब. मालगाडीच्या शेवटच्या डब्याच्या, ब्रेक व्हॅनच्या, व्हरांड्यात उभं राहून रूळ मागे जाताना पाहिलेत आयुष्यभर, तसंच. तास न् तास उभा राहायचो. पाच बोटींवर मला काही आवडलं असेल तर तेवढंच. हिलाही दाखवायचं होतं, पण ही पडलेली.

पहिल्या बोटीवर खोलीत शिरल्याबरोबर हिने चारही भिंतींवरून हात फिरवला होता आणि विचारलं होतं, "खिडकी न्हाय व्हय हितं?" मी ही गोष्ट मंडळात किती वेळा रंगवून सांगितली असेल. हमखास हशा.

११ नोव्हेंबर

ऋतुजाचा पुण्याहून फोन. आईने सांगितलेलं दिसतंय. मुलगी चौतीस वर्षांची झाली, फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते, आता बापालाही व्यायाम सांगायला लागली.

"बाबा, आई पाच वेळा आजारी पडली. तिला काय हवंय हे एकदा तरी विचारलंत?"

"औषध कोणी दिलं? लिंबू कोणी आणलं?"

"विचारलंत का, ते सांगा."

मी म्हणालो, यात विचारायचं काय, तिला बोट लागते. तर ही कुठल्या कुठे जाऊन पोचली. म्हणे, "आमचं लहानपण कुजबुजण्यात गेलं बाबा. तुम्ही दिवसा झोपायचात म्हणून आई आम्हाला ओट्यावर बसवून पाढे ओठांतल्या ओठांत म्हणायला लावायची. ती स्वतः खोकला आला तर अंगणात जायची."

आता याचा आणि बोटीचा काय संबंध? रात्रभर जागून गाडी सांभाळणारा माणूस दिवसा झोपणारच. सिग्नल हुकला असता तर? मी फोन ठेवला. या पिढीला उपकार कळतच नाहीत.

१२ नोव्हेंबर

ही माहेरी, नातेपुत्याला गेली. भाऊ धुळा मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतोय, त्यांना वाटेला लावून येते म्हणाली. दरवर्षी जाते. वांग्याची भाजी मी केली. कडू झाली, टाकून दिली.

१५ नोव्हेंबर

हिला आणायला गेलो. जायची गरज नव्हती, एसटीने आली असती, पण घरात तीन दिवस माझ्याच हातचं खाऊन वैताग आला होता.

गावाबाहेर माळावर यांचा तळ. दीडदोनशे मेंढरं, तीन घोड्या, चार कुत्री आणि चहूकडे लेंड्या. मी रुमाल नाकाला लावूनच उतरलो. माझ्या वडिलांनी असलीच मेंढरं विकून मला माळशिरसच्या शाळेत घातलं होतं. लोकरीचा तो ओलसर वास आला की मला अजून शाळेतलं हसणं ऐकू येतं. या आयुष्यातून मी बाहेर पडलो आणि हिलाही बाहेर काढलं, तर ही दरवर्षी आपल्या पायांनी त्यात जाऊन बसते.

घोड्यांवर बिऱ्हाड लादलेलं होतं. गावातून निघून पहिला मुक्काम जवळच टाकायचा असतो, आणि तो कुठे हे घरातल्या थोरल्या बाईने दाखवायचं अशी हिच्या माहेरची रीत. थोरली ही. मग काय, अख्खा लवाजमा हिच्या मागे. एका शेतात शिरली, थांबली, पदर सैल सोडला आणि वारा कुठून येतो ते बघितलं. वाकून माती चिमटीत चुरली. "हितं नगं, ओल हाय." पुढे. ओढ्याच्या वर एक उंचवटा मला बरा वाटला, तसं मी सांगितलंही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "उंचावर वारं लागतं," धुळा हसून म्हणाला, "दाजी, तुमी गपगुमान बगा की."

शेवटी एका जागी ही जमिनीवर चक्क आडवी झाली. चौसष्ट वर्षांची बाई, लुगडं मातीत. उताणी पडून आभाळ बघितलं, मान वळवून पूर्वेकडे बघितलं. मग उठून म्हणाली, "हितं उतरवा." घोड्या थांबल्या. कुठेही पडून झोपणाऱ्या माणसांना जागा निवडायला अर्धा तास! मला हसावं का रडावं कळेना.

मग तिथेच तीन दगडांची चूल. माझ्या पुढ्यात ताट आलं, त्यावर माश्या. मी दोन घास कसेबसे गिळले. हिने मात्र उघड्यावर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर कोरड्यास मागून घेतलं. बोटीवर पांढऱ्या टेबलक्लॉथवर हिला घास जात नाही आणि इथे मेंढरांच्या गर्दीत अशी भूक लागते. किळस वाटली, खरंच. रागही आला, कोणावर ते सांगता येत नाही.

१९ नोव्हेंबर

व्याख्यानाची तालीम आरशासमोर केली. पस्तीस मिनिटं होतात.

हिला समजुतीने घ्यायचं ठरवलं. म्हटलं, या वेळी चांगलं औषध आणतो, कानामागे चिकटवायची पट्टी मिळते.

"औषध नगं."

"मग काय पाहिजे?"

माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "बोट कुटल्या तोंडानं जाती?"

"पुढच्या."

"तसं न्हाय. दिशा कंची?"

"मुंबईच्या खाली. दक्षिणेला. तुला काय करायचंय?"

"काय न्हाय," म्हणाली आणि पुन्हा शेंगांचं सूप पुढे ओढलं. मी विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही ते नाहीच. अशा बायकांशी बोलायचं तरी कसं?

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहायला हात होत नाही, पण आज लिहिलं नाही तर उद्या स्वतःशीच खोटं बोलेन.

समाजमंदिर भरलेलं होतं. मी फळ्यावर बोटीचं चित्र काढलं, मजले दाखवले. बुफेचा मुद्दा, हौदाचा मुद्दा, सगळ्यांवर हशा. आतल्या खोलीवर आलो आणि "खिडकी न्हाय व्हय हितं" ही गोष्टही सांगितली. हिच्यासमोर सांगायला नको होती, पण ओघात आली. ही शेवटच्या रांगेत चन्नवीरच्या बायकोशेजारी, शिवलीलाशेजारी बसली होती. सगळे वळून हिच्याकडे बघून हसले.

प्रश्न विचारा म्हटल्यावर शिवलीला उठली. अक्कलकोटकडची बाई, तोंडाने सरळ. म्हणाली, "वाघमोडे भाऊजी, तुमचं ऐकलं. आता वहिनींना बोलू द्या की. त्या पन पाच वेळा गेल्यात. वहिनी, तुमाला समद्यात छान काय दिसलं बोटीवर?"

ही उठेना. शिवलीलाने कोपराला धरून उठवलं. पदर नीट केला आणि म्हणाली, "मला काय ठावं बाई. मी भिंत बगितली."

लोक हसले. त्यांना वाटलं माझ्यासारखाच विनोद. ही हसली नाही, तसं एकेक जण गप्प होत गेला.

"खरंच. पाची टायमाला भिंतच. पिवळी, एकदा निळी होती. ह्ये वर जायाचे, मी पडलेली आसायची. रात हाय का दिस हाय कळायचं न्हाय. मेंढरू टेम्पूत कोंडून न्हेलं तर मान टाकतं, तसं व्हायाचं मला. उतरवून चालवलं की तेच मेंढरू चरायला लागतंय की न्हाय? आजारी नसतंय ते. त्येला कुटं चाललोय ते दिसत नसतंय."

मी हातात खडू घेऊन उभा होतो.

चन्नवीरने विचारलं, मग वहिनी, खोली कशी घ्यायची? आणि ही सांगायला लागली, जशी परवा माळावर धुळाला सांगत होती तशी. खाली आणि मधोमध घ्यावी, हे ह्यांनी सांगितलेलं बरोबर हाय, आमी बी तळ उंचावर टाकत न्हाय. पर आभाळ दिसाय पायजे. बोट दक्षिणेला जाती, म्हंजी जाताना डाव्या अंगाला दिस उगवनार, उजव्या अंगाला मावळनार, येताना उलटं. ज्येला पहाटे जाग येती त्येनं डावी घ्यावी. तंगड्या पसरून पडल्यावर बाहेरचं दिसतं का ते आदी इचारावं, मग बाकीचं.

पाच बोटींवर मी गेलो. सूर्य कुठल्या बाजूच्या खोल्यांवर येतो हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. सदतीस वर्षं दिशा बघून गाड्या नेल्या मी.

शिवलीलाने विचारलं, एवढा तरास व्हायचा तर दर टायमाला गेलात कशाला?

ही म्हणाली, "मी सात वर्साची आसंल. बापाबरुबर मेंढरं घेऊन कोकनात गेल्तो. डोंगरावरनं समुद्र दिसला. मी म्हनलं, बा, हितंच ऱ्हाऊ. बा म्हनला, हितं चारा न्हाय, मोठी झाली की नवऱ्याबरुबर ये." मग खाली बसता बसता म्हणाली, "म्हनून ह्ये बोट म्हनले की मी निगायची. वाटायचं, ह्या टायमाला दिसंल."

हे मला माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला.

टाळ्या हिला पडल्या. मला हार घातला. रिक्षात तो मांडीवर घेऊन बसलो. ही शेजारी बसली होती.

२४ नोव्हेंबर

कोणाशी बोलायचं नाही असं ठरवलंय. फोन बंद.

२७ नोव्हेंबर

चन्नवीर यादी घेऊन आला. चौदाच्या चौदा जोडप्यांनी खिडकी लिहिलीय. पाच जणांनी "डावी बाजू" असंही लिहिलंय, नालायक. यादीत पंधरावी ओळ कोरी, आमची.

"तुमचं काय लिहू?"

"मी एकटा. आतली."

चन्नवीर खाली बघत म्हणाला, "वाघमोडे, मी पुढं इंजिनात बसायचो, तुमी मागं व्हरांड्यात. दोघांनाबी समदा मुलूख दिसायचा. घरात तेवढ्या दोघी कोंडलेल्या." मग फॉर्म टेबलावर ठेवला. रविवारी येऊन नेतो म्हणाला, त्यानंतर खोली मिळणार नाही.

मला त्याचा संताप आला. उपदेश करायला हा कोण? भाकरीची चिंता करणारा माणूस. संध्याकाळी ही म्हणाली, "जावा तुमी. मी ऋतुजाकडं जाईन तवर." तेवढंच. मला वाटलं होतं चिडेल, काहीतरी टाकून बोलेल. चिडली असती तर मी तरी काही बोललो असतो. एकटा त्या मागच्या टोकाला उभा राहिलोय असं डोळ्यांपुढे आणून बघितलं. या वेळी खाली खोलीत कोणी नसणार. छान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ही शिवलीलाकडे गेली होती. दुपारी पडलो. झोप नाही. गेले सहा दिवस नाही. काळोख तोच, गादी तीच.

पडल्या पडल्या खिडकीवरच्या घोंगड्याकडे बघत राहिलो. कडेने एक उजेडाची रेघ येते, त्यात खिळ्यांची डोकी दिसतात. आणि एकदम होटगीचं क्वार्टर आठवलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. रात्रपाळी करून आलो होतो, तोंडावर ऊन आलं, मी ओरडलो, "या खिडकीचं काहीतरी कर आधी!" हिने ट्रंक उघडली. आत हिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं घोंगडं होतं, त्यांच्याच मेंढ्यांच्या लोकरीचं, काळंभोर. स्टुलावर चढली आणि वरवंट्याने खिळे ठोकले. मी कूस बदलून झोपलो.

मग बदल्या झाल्या. प्रत्येक क्वार्टरात पहिल्या दिवशी घोंगडं आधी, चूल नंतर. या घरात आलो तेव्हा मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. रात्रपाळी कसली आणि काय. तरी हिने विचारलं होतं, "लावू का?" मी म्हणालो, लाव.

उठलो आणि ओढलं. खिळे गंजलेले, दोन निघाले, तिसऱ्यापाशी घोंगडं फाटलं. मग पक्कड आणली. सगळं माझ्या अंगावर कोसळलं, नऊ वर्षांची धूळ, कोळिष्टकं, मेलेल्या पाली की काय कोण जाणे. नाकातोंडात गेलं. इतकी घाण वाटली की बेसिनपाशी जाऊन ओकलो. इतकी वर्षं मी ही घाण उशाशी घेऊन झोपत होतो आणि हिलाही झोपवत होतो. शिसारी आली ती नुसती धुळीची नव्हती, हे इथे लिहून ठेवतो.

परत खोलीत आलो तर खोली ओळखू येईना. बाहेर कडुनिंब, त्याच्या मागे मोकळं रान आणि रान संपतं तिथे होटगीकडे जाणारी लाइन. नऊ वर्षं मला वाटायचं गाडी लांबून जाते. ही इथे, उशापासून दिसते. एक मालगाडी गेली. शेवटच्या डब्यापर्यंत बघितली. गार्ड नव्हता तिला.

ही कधी येऊन दारात उभी राहिली कळलं नाही. खिडकी बघितली, मला बघितलं, गादीवरची धूळ बघितली.

"आता नीज कशी यायची तुमाला?"

"न आली तर न येऊ दे."

हिने घोंगड्याचं एक टोक उचललं, तसं दुसरं मी उचललं. एकट्याने झटकता येत नाही ते, फार जड आहे. अंगणात नेऊन दोघांनी झटकलं, चार वेळा, पाच वेळा. मला खोकल्याची उबळ आली. ही म्हणाली, "खोका की मोठ्यानं. कोन झोपलंय आता?"

मग मी फॉर्म घेऊन ओट्यावर बसलो. पाचही वेळा पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं होतं आणि खाली 'सोबत पत्नी'. पेन उघडून विचारलं, "पहिलं नाव कोणाचं लिहू?"

"खिडकी कुनाला पायजे?"

"दोघांना."

"मग आदी कुनाला पायजे हुती, तिचं लिवा."

लिहिलं. केराबाई मल्हार वाघमोडे. खोली: खालचा मजला, मधोमध, खिडकीची. बाजू विचारली. डावी, म्हणाली, विचार न करता. मग दुसऱ्या ओळीत माझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

घोंगडं वाळत घातलं होतं त्याची मी घडी घातली. धड जमली नाही. म्हटलं, "हे ट्रंकेत टाकू का आता?"

"ट्रंकंत कशाला?" केराबाईने घडी माझ्या हातातून घेऊन मोडली आणि पुन्हा नीट घातली. "बॅगंत घ्या. बोटीवर लई गार आसतंय."